यशूची दहावी

नाशिक, १२ जुलै १९७५

यशूच्या बाबांस,
सप्रेम जयभीम.

पोचल्याचं पत्र मिळालं. कोरापुटला क्वार्टर अजून ताब्यात आलं नाही, तोवर एका खोलीत दोघं राहता, असं लिहिलंत. नागसेनची शाळा सुरू झाली हे वाचून बरं वाटलं. त्याला झोपताना पाठीवर थोपटावं लागतं. तो मागणार नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहील. तेव्हा तुम्हीच थोपटा. सहा वर्षांचं पोर आहे, आईशिवाय पहिल्यांदा राहतंय. भात त्याला चालतो, पण सकाळी भाकरीचा चतकोर पोटात गेला की तो दिवसभर शांत असतो. तिकडे बाजरी मिळत नसेल तर पोळी दुधात कुस्करून द्यावी.

इथे सगळे विचारतात. शेजारच्या कुसाबाई तर नळावर रोज विचारतात. मी सांगते, ओझरच्या कारखान्यातून थेट ओरिसात बदलीची ऑर्डर आली, नाही म्हणता आलं नाही. ती ऑर्डर तुम्ही स्वतः अर्ज करून मागून घेतली, हे मला तुमच्याच खात्यातल्या एका माणसाच्या बायकोनं सांगितलं. मी तिच्यापुढे मान हलवली, जसं काही मला आधीच ठाऊक होतं. नागसेनला नेलं ते तिकडची शाळा चांगली म्हणून, असंही सांगते. मग मुलीला का नाही नेलं, असं कुणी विचारलं की स्टोव्हवर दूध आहे म्हणून आत जाते.

यशूचा कान आता बरा आहे. सिव्हिलमधून आणलेले थेंब संपले. काळजी करू नये.

ती चौथीत गेली. गेली म्हणजे ढकलली. बाबा कधी येणार म्हणून विचारते. मी दिवाळीला म्हटलंय. ठरवून कळवा, नाहीतर मी खोटी पडेन.

लता


नाशिक, २० ऑक्टोबर १९७५

यशूच्या बाबांस जयभीम.

दिवाळीला रजा नाही असं लिहिलंत. ठीक आहे. यशूला सांगितलं. ती मशीनपाशी येऊन बसली. मी कुसाबाईंच्या सुनेचे ब्लाउज शिवत होते, तिनं बटणं लावून दिली. हाताला चांगली आहे ती.

दसऱ्याला विहारात वंदनेला गेलो होतो. सगळी वंदना तिनं न चुकता म्हटली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या वळून बघत होत्या. तुम्ही असता तर तुम्हालाही आवडलं असतं.

एक गोष्ट लिहायची आहे, शांतपणे वाचा. यशूला यंदा मंगलाबाई म्हणून नव्या बाई आहेत. परवा त्या घरी आल्या. मी घाबरले, मला वाटलं नाव काढायचं म्हणतात की काय. पण त्या आल्या, चटईवर बसल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, तुमची मुलगी मठ्ठ नाही. त्यांनी वर्गात एक धडा वाचून दाखवला होता. आठ दिवसांनी विचारला तर यशूनं अख्खा सांगितला, कोण काय बोललं ते त्याच्याच तोंडच्या शब्दांत. तोच धडा पुस्तक उघडून वाच म्हटलं तर तिला पहिली ओळ येईना. घाम फुटला तिला. मंगलाबाई म्हणाल्या, चोवीस मुलं नीट वाचतात आणि अशी एखादी असते, मला याचं कारण ठाऊक नाही, पण हे आळसानं होत नाही एवढं मला कळतं. आळशी मुलाला घाम फुटत नाही.

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही तुमच्या घरातले पहिले मॅट्रिक, शिक्षणावर तुमचा किती जीव, कारखान्यातून थकून आल्यावरही तुम्ही पाटी घेऊन बसायचात, हे सगळं. यशोधरा हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि त्याच नावातला ध तिला जमेना, दर वेळी घ काढायची, हेही सांगितलं. त्या संध्याकाळचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, ही डोकं असं वाकडं करून का ऐकते? मी म्हटलं, सवय आहे.

आता मंगलाबाई तिला शाळा सुटल्यावर बसवून घेतात आणि धडे वाचून दाखवतात. म्हणजे निदान पोर शाळेत जायला रडत नाही.

नागसेनला शंभरपैकी शंभर पडले हे यशूनं साऱ्या आळीत सांगितलं.

लता


चांदवड, १८ मे १९७८

यशूच्या बाबांस,

पत्ता बघून नवल वाटेल. तुमच्या आईंनी निरोप धाडला, कांद्याची चाळ भरायची आहे, हात कमी पडतात, म्हणून सुट्टीत आम्ही दोघी आलोय. आई बऱ्या आहेत. गुडघे धरतात, पण ऐकत कुणाचं नाहीत. दिवसभर कांदा निवडायचा, मोठा एकीकडे, जोड कांदा दुसरीकडे. यशू पटापट करते. केरू भावजी म्हणतात, माझ्यापेक्षा पोरीचा हात चालतो.

केरू भावजींचंच लिहायला बसले आहे. तुमचा धाकटा भाऊ असूनही मी त्यांच्याशी इतकी कधी बोलले नव्हते. ते बोलतच नाहीत ना. लग्न झालं तेव्हापासून मला वाटायचं, बिचारे जरा कमीच आहेत. घरात सगळे तसंच म्हणायचे, मीही धरून चालले.

परवा जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो. आईंनी यशूला विचारलं, सातवीत गेलीस, मग वाचता येतं का गं आता. यशू म्हणाली, थोडं. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं स्वतःहून सांगायला सुरुवात केली. म्हणाली, आजी, मला भ आणि म एकाच घरातले वाटतात. कालचा म मी आज ओळखत नाही. वेलांटी कुठल्या बाजूला ते बोट ठेवलं तरी कळत नाही, आणि ओळ संपली की परत त्याच ओळीवर येते, मला कळतसुद्धा नाही. बाकीची पोरं पान बघतात आणि त्यांना आवाज ऐकू येतो. मला पान बघितल्यावर काहीच ऐकू येत नाही.

केरू भावजी खाटेवर होते. उठून बसले. त्यांनी तिला परत सांगायला लावलं. वेलांटीचं परत सांग म्हणाले. तिनं सांगितलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मला वाटायचं हे फकस्त माझ्यातच हाय."

एवढं बोलले आणि पंचा तोंडाला लावून रडायला लागले. चाळिशीतला माणूस. आई गांगरल्या, काय झालं रं, म्हणून विचारत राहिल्या. यशू त्यांच्याजवळ जाऊन बसली. नंतर ते किती तरी वेळ बोलत होते. दुसरीतून शाळा सुटली ती कशी, गुरुजी बाकावर उभं करून सगळ्या पोरांना हसायला लावायचे ते. म्हणाले, "दादानं लय केलं माझ्यासाठी. गुरुजींनी छडी उगारली की दादा मधी यायचा. माझ्या वाटची छडी त्यानं खाल्ली. घरी आल्यावर मला शिकवायचा, आन मला येईना तवा त्योच रडायचा."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही यशूला घेऊन बसायचात तेव्हा तुमचा चेहरा मी रागाचा समजायचे. आता वाटतं, तुम्हाला समोर यशू दिसतच नव्हती. तुम्हाला पुन्हा केरू भावजी दिसत होते. भीती वाटत होती तुम्हाला. एवढंच एकदा मला सांगितलं असतंत तर.

भावजींनी अजून एक ओळखलं. तिला डाव्या बाजूनं हाक मारली तर ती वळत नाही. मी तुम्हाला कान बरा आहे असं लिहिलं होतं. दुखायचा थांबला होता, हे खरं. ऐकू येत नाही, हे मी लिहिलं नव्हतं.

लता


नाशिक, ९ डिसेंबर १९८१

यशूच्या बाबांस,

तुमचं पत्र येऊन महिने झाले, पण हे लिहायला हवं.

यंदाचं वर्ष अपंगांचं म्हणून पाळतात ना, त्याचं इथे शिबिर झालं. मुंबईहून डॉक्टर आले होते. मंगलाबाईंनी यशूचं नाव दिलं. मला आधी आवडलं नाही, आपली मुलगी हातीपायी धड, तिथे कशाला? पण मंगलाबाईंपुढे माझं चालत नाही. शाळा बदलली, यशू हायस्कुलात गेली, आता नववीत दुसऱ्यांदा बसलीय, तरी त्या रविवारी तिला बोलावून घेतात, धडे वाचून दाखवतात.

एक डॉक्टरीणबाई होत्या, केस पिकलेले, आवाज हळू. त्यांनी यशूला आत घेतलं. ठोकळे जुळवायला दिले, गोष्टी सांगून प्रश्न विचारले, तोंडी गणितं घातली, मग वाचायला लावलं, लिहायला लावलं. खूप वेळ चाललं. मग मला बोलावलं आणि म्हणाल्या, मुलीची बुद्धी चांगली आहे, बऱ्याच मुलांपेक्षा चांगली. डोळे चांगले. पण अक्षर डोळ्यांनी पाहिलं तरी त्याची ओळख पटायला तिला फार वेळ लागतो, कधी पटतच नाही. जन्मापासूनच असतं हे. याला डिस्लेक्सिया म्हणतात. घरात आणखी कुणाला आहे का विचारलं. मी केरू भावजींचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, पुष्कळदा असतं तसं.

मी विचारलं, औषध? त्या म्हणाल्या, औषध नाही. शिकवायची रीत वेगळी. वाळूत, पिठात बोटानं अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्यानं म्हणायचं. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची म्हणजे डोळा भरकटत नाही. पट्टी म्हटल्यावर यशूनं हात मागे घेतले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं.

मग कान तपासला. पडद्याला भोक आहे म्हणाल्या, जुनं आहे. कशानं झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात यशूच म्हणाली, "पडले होते मी. ओट्यावरून."

सोळा वर्षांची मुलगी, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. असं बोल म्हणून मी तिला कधी शिकवलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही पाटीवर तिचं नाव लिहून दिलंत, तिनं खाली परत यशोघरा लिहिलं, आणि तुमचा हात उठला. सकाळी उशीला रक्त होतं. तुम्ही उशी बघितलीत, डबा न घेता कारखान्याच्या बसला गेलात आणि बदलीचा अर्ज दिलात. हे तिघांनाच माहीत आहे. त्यानंतर घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही. त्या पोरीनं आपल्या मनानं ओट्यावरून पडल्याचं ठरवून टाकलं.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पूर्वी वाटायचं, तुम्ही रागानं गेलात. आता मला ठाऊक आहे की तिच्यापुढे उभं राहवेना म्हणून गेलात. पण तिला ते कोण सांगणार? तिला वाटतं, तिला वाचता येईना म्हणून तुम्ही गेलात.

मी परातीत पीठ पसरून रोज तिला बसवते. पट्टीऐवजी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घेतलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झालाय, पण करत राहा. परवा तिनं किराण्याच्या पुडीवरची पूर्ण बातमी वाचली. अर्धा तास लागला असेल. माझा स्वयंपाक राहिला.

लता


नाशिक, २७ जून १९८३

यशूच्या बाबांस,

दहावीचा निकाल लागला. यशू नापास. मराठी, इंग्रजी दोन्ही गेले. इतिहासात नऊ मार्क कमी पडले. गणितात पास आहे.

परीक्षेआधी मी आणि मंगलाबाई बोर्डाच्या ऑफिसात जाऊन आलो. तिनं तोंडानं सांगावं आणि दुसऱ्या कुणी लिहावं, अशी परवानगी मागितली. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आम्हाला पाणी दिलं. म्हणाला, बाई, आंधळ्यांना देतो, हात मोडलेल्यांना देतो, तुमच्या मुलीला काय झालंय ते नियमात नाही. मंगलाबाईंनी डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि परत केला.

यशूला सगळं येत होतं. मी तिच्याकडून पाठ करून घेतलंय, मला तिच्याइतकं येत नाही. तीन तास ती बसायची आणि पहिल्या दोन प्रश्नांत वेळ संपायचा.

तुमचं कार्ड परीक्षेआधी मिळालं होतं. 'मन लावून अभ्यास कर' एवढंच. ते तिनं मला वाचू दिलं नाही. पुठ्ठा धरून स्वतः वाचलं.

ऑक्टोबरला परत बसणार म्हणते.

लता


नाशिक, ३० जून १९८४

यशूच्या बाबांस,

नागसेन तुमच्याकडे परत यायला निघाला. हे पत्र त्याच्याबरोबर न देता पोस्टात टाकतेय, कारण त्यानं वाटेत वाचू नये.

नऊ वर्षांत तीनदा पाहिलं मी माझ्या मुलाला. आता माझ्यापेक्षा उंच झालाय. मराठी बोलताना अडतो, मध्येच हिंदी. पहिल्या दिवशी मला 'तुम्ही' म्हणाला. मी परसात जाऊन कपडे धुतले.

पहिल्या आठवड्यात यशू पुस्तक घेऊन बसली होती, पुठ्ठा धरून, एकेक अक्षर. त्याला वाटलं गंमत करतेय. तो हसला. मग ती गंमत करत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी त्याला बाहेर नेऊन डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही त्याला सांगितलंत, दीदीला अभ्यासाची आवड नाही. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी संपेपर्यंत तो तिला वाचून दाखवत होता. "दीदी, तू बैठ, मी वाचतो," म्हणायचा. ती उजव्या बाजूला बस म्हणायची. असे दोघं उंबऱ्यावर बसलेले दिसायचे. लहानपणी एकत्र वाढली असती तर कशी दिसली असती, ते मला महिनाभर बघायला मिळालं.

त्याच्याकडून एक कळलं. तुम्ही तिकडे कामगारांच्या मुलांना संध्याकाळी शिकवता. फुकट. नागसेन म्हणाला, बाबा कुणावर आवाज चढवत नाहीत, एखाद्याला येत नसलं तर त्याला जवळ घेऊन बसतात. मी म्हटलं, छान. मनात काय आलं ते लिहीत नाही. चांगलंच करता तुम्ही. त्या पोरांचं भाग्य.

यशू मार्चलाही नापास झाली. मी तिला सांगितलं, पुरे आता. शिवणात तुझा हात आहे, गिऱ्हाईकं तुलाच कापड देतात, दहावीवाचून काही अडत नाही. मंगलाबाईंनीही सांगितलं. ती ऐकत नाही. एरवी इतकी समजूतदार मुलगी, या एका गोष्टीत दगड होते. परीक्षा जवळ आली की जेवण तुटतं. पेपरच्या आदल्या दिवशी उलट्या करते. केंद्रावर तिच्या वर्गातल्या मुलींच्या धाकट्या बहिणी आता तिच्या शेजारी बसतात. का करतेस गं, म्हणून विचारलं तर म्हणते, एकदा होऊ दे पास.

तुमच्याकडे एक मागते. तिला अभ्यास कर असं लिहू नका. दर वर्षी ते कार्ड येतं आणि ती पुन्हा फॉर्म भरते. कशी आहेस, एवढंच लिहा. काय जेवलीस, लिहा. तिच्या बापानं तिला एकदा तरी दुसरं काही विचारावं.

लता


नाशिक, १६ फेब्रुवारी १९८६

यशूच्या बाबांस जयभीम.

यशूचं लग्न ठरलं. अठरा मे, इथेच विहाराच्या पटांगणात.

मागच्या पत्रानंतर तुमचं तिला कार्डच आलं नाही. मी मागितलं होतं एक आणि तुम्ही दुसरंच केलंत. परीक्षेच्या दिवसांत ती पोस्टमनची वाट बघायची. तरी ती बसलीच गेल्या वर्षी, आणि पुन्हा तेच झालं.

मुलगा गोरक्ष, सिन्नरच्या वसाहतीत लेथवर आहे. आई आहे, नवसाबाई, वडील नाहीत. याआधी दोन ठिकाणं मोडली. मी आधीच सगळं सांगते ना, वाचता येत नाही, डाव्या कानानं ऐकू येत नाही. एकांनी तर वेडसर आहे का म्हणून विचारलं आणि चहा टाकून उठले. यशू आतून ऐकत होती.

गोरक्ष आला तेव्हा मी काही बोलायच्या आधी तीच बोलली. "मला वाचता येत नाही. बसची पाटी विचारून घेते. पुढे लाज वाटणार असेल तर आत्ताच सांगा." त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पेपर मी वाचून दाखवीन. पण मला स्वयंपाकातलं काही येत नाही, ते आधीच सांगतो." नवसाबाई हसल्या. यशूही हसली. तिला अशी हसताना बघून मला नागसेनची सुट्टी आठवली.

रजा काढा. या वेळी रजा नाही असं लिहू नका. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

लता


नाशिक, १५ जून १९८६

यशूच्या बाबांस,

सुखरूप पोचल्याचं नागसेनच्या पत्रातून कळलं.

लग्नात आपलं बोलणं झालं नाही. माणसं होती तोवर तुम्ही पंगतीत वाढत होतात. माणसं गेल्यावर केरू भावजींजवळ जाऊन बसलात. तुम्ही दोघं भाऊ शेजारीशेजारी बसला होतात, मी दारातून पाहिलं. केस किती पांढरे झालेत तुमचे. मी ओळखलं, पण क्षणभर थांबावं लागलं.

पाठवणीच्या वेळी तुम्ही जीपच्या पलीकडे उभे होतात. यशू फिरून तुमच्याकडे आली, पाया पडली आणि मान वळवून, उजवा कान तुमच्याकडे करून थांबली. तुमचे ओठ हलले. मी बघत होते. आवाज काही आला नाही. मग गोरक्षच्या मामांनी घाई केली आणि जीप सुटली.

ती काल पहिल्यांदा माहेरी आली. चार दिवस राहील. अंगानं भरलीय जरा. नवसाबाई मायाळू आहेत म्हणते. रात्री गोरक्ष पेपर वाचतो आणि ती त्याला चुका सांगते, कालच्या बातमीत हे असं नव्हतं म्हणून. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "आई, निघताना बाबा काय म्हणाले? मला ऐकू आलं नाही." तिला वाटतंय, तुम्ही बोललात आणि तिच्याच कानानं ते घेतलं नाही. मी म्हटलं, सुखी राहा म्हणाले. तुम्ही तेच म्हणणार होतात ना? मी तसं धरलंय.

आज सकाळी फळी आवरत होते. तिची दहावीची पुस्तकं तिथेच होती, कोपरे झिजलेली. मी विचारलं, सिन्नरला नेतेस का, ऑक्टोबरला बसायचं असेल तर. ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, कुणाला तरी देऊन टाक. मला नवलच वाटलं. इतक्या वेळा सांगून जी ऐकली नाही ती असं म्हणते. म्हटलं, बसणार नाहीस? ती म्हणाली, "आता कशाला? बाबा येऊन गेले की."

मला कळेना. माझं तोंड बघून तिनं पालक खाली ठेवला. "मला वाटायचं, मी पास झाले की ते घरी येतील. म्हणून बसत होते दर वेळी. आणि बघ ना आई, मी नापासच राहिले, तरी आले ते."

हसून म्हणाली हो. अगदी मोकळं हसून. मी तिच्यापुढे रडले नाही, मोरीत जाऊन पाणी सोडलं.

त्या सगळ्या परीक्षा, त्या उलट्या, त्या धाकट्या मुलींशेजारी बसणं. मी तिची आई, एका घरात राहून मला हे कळलं नाही. तुम्ही आलात ते चार दिवसांच्या रजेवर आणि परत गेलात, हे तिला दिसलंय. पण तिला तेवढं पुरलं. तिच्या मनात आता काही राहिलेलं नाही, मी नीट बघितलं.

मला पुरलेलं नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला यशूबद्दलच लिहिलं, स्वतःसाठी काही लिहिलं नाही. आता ती तिच्या घरी गेली. नागसेन कॉलेजला जाईल. तिथल्या पोरांना शिकवायला कुणी दुसरं मिळेल. बदलीचा अर्ज द्यायचा कसा, ते तुम्हाला ठाऊक आहे.

या. इथे तुम्हाला कुणी काही विचारणार नाही.

लता